तोफेच्या तोंडासमोर आपले कोण?

माझ्या नणंदेचे सासर निमोण्याला. शिरूर तालुक्यातले हे गाव घोड नदीच्या खोऱ्यात आहे. चिंचणीचे घोड धरण जवळच, त्यामुळे पाणी पोहोचते तिथे ऊस आणि कांदा, आणि नाही पोहोचत तिथे ज्वारी. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस आपांकडे राहायचे, ही आमची जुनी रीत. मुलांना शेत मिळते, मला वह्या तपासण्यातून सुटका मिळते.

या वेळी मात्र नववीतला भाचा माझी वाटच पाहत होता. मी हातपाय धुऊन ओसरीवर बसते न बसते तोच तो म्हणाला, "मुमानी, तुम्ही इतिहास शिकवता ना? मग सांगा, कोरेगावच्या लढाईत आपली माणसे कोणत्या बाजूला होती?"

हा प्रश्न त्याला वर्गातल्या मुलांनी घातला होता. एक म्हणाला, तुमचे अरब पेशव्यांकडून लढले. दुसरा म्हणाला, नाही, तुमचे लोक इंग्रजांच्या पलटणीत होते. दोघेही हसले आणि हा गप्प बसला. "मी काय उत्तर द्यायचे?" असे विचारताना त्याचे डोळे भरून आले होते. आपा म्हणाल्या, "आठ दिवस झाले, धड जेवत नाही."

मी लगेच उत्तर दिले नाही. सोपे उत्तर माझ्याकडेही नव्हते. म्हटले, "दोन दिवस माझ्याबरोबर फिर. मग सांगते."

याच पोराला मोबाइलवर रणगाड्यांच्या चित्रफिती पाहायचा नाद. जेवताना तो दुल्हेभाईंना सांगत होता, की रणगाड्याच्या तोफेतून फक्त एकच मोठा गोळा सुटतो असे नाही, एक डबा असा असतो की त्यातून शेकडो छर्रे सुटतात. दुल्हेभाईंचा विश्वास बसेना. मी म्हटले, "तो खरे बोलतो आहे, आणि ही गोष्ट नवीन नाही. कोरेगावच्या लढाईच्या आधीपासूनची आहे."

दुल्हेभाई उठले, कणगीतून मूठभर ज्वारी घेतली आणि अंगणात जोरात भिरकावली. दाणे पंख्यासारखे पसरले. काही हौदापाशी पडले, काही चपलांवर, काही आपांच्या पदरावर. "असे?" त्यांनी विचारले.

"अगदी असे," मी म्हटले. "फक्त दाण्यांच्या जागी लोखंडाच्या गोळ्या."

तोफेचा भरीव गोळा एका रेषेत जातो. भिंत पाडायला, दूरची गाडी फोडायला तो उपयोगी. पण समोरून माणसांचा लोंढा धावत येत असेल, तर गोलंदाज पत्र्याचा डबा भरत. डब्यात लोखंडाच्या किंवा शिशाच्या गोळ्या, मधल्या पोकळीत लाकडाचा भुसा आणि बुडाला लाकडी चकती. बत्ती दिली की तोफेच्या तोंडातून बाहेर पडताच डबा फाटतो आणि गोळ्या पसरत जातात. दोनशे वर्षांपूर्वीच्या सहा पौंडी तोफेच्या डब्यात गोळ्यांच्या आकारानुसार 40 ते 85 गोळ्या असत. मारा साधारण 300 ते 350 यार्डांपर्यंत. त्यापुढे त्यात दम राहत नसे. म्हणजे हे हत्यार जवळून वापरायचे, समोरच्याचा चेहरा दिसू लागल्यावर. आणि तरीही चेहरा न पाहता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिरूर गाठून आम्ही अहमदनगरची एसटी पकडली. शहराचे सरकारी नाव आता अहिल्यानगर आहे, पण कंडक्टरही "नगर, नगर" असेच ओरडत होता. तिथे लष्कराचे रणगाडा संग्रहालय आहे, 1994 साली सुरू झालेले. झाडांच्या सावलीत देशोदेशीचे रणगाडे ओळीने उभे आहेत. दुसऱ्या महायुद्धातले आहेत, आपला विजयंता आहे, 1965 च्या युद्धात हाती आलेला पॅटन आहे. भाचा एकेका नळीसमोर उभा राहून तोंडाचे माप बोटांनी घेत होता.

रणगाड्यांच्या बाबतीत त्याची माहिती बरोबर होती. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर अमेरिकन स्टुअर्ट रणगाड्याच्या छोट्या 37 मिलिमीटर तोफेला छर्ऱ्याचा डबा होता. त्यात पोलादाच्या 122 गोळ्या असत. आजच्या अमेरिकन अब्राम्स रणगाड्याच्या 120 मिलिमीटर तोफेसाठीच्या डब्यात टंगस्टन धातूच्या सुमारे 1,100 गोळ्या असतात. गोळीऐवजी बारीक पोलादी बाण भरलेले गोळेही निघाले. 16 एप्रिल 2008 रोजी गाझामध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेचे कॅमेरामन फदल शना दूरच्या इस्रायली रणगाड्याचे चित्रण करत होते. त्याच रणगाड्याने अशा बाणांचा गोळा त्यांच्यावर सोडला. त्यांच्याबरोबर आसपासचे इतरही जण मेले. त्यांच्या कॅमेऱ्यात शेवटी उमटला तो रणगाड्याच्या तोंडातून निघालेला गोळाच.

हे ऐकून भाच्याने नळीच्या तोंडावरचा हात काढून घेतला.

संग्रहालयातून बाहेर पडल्यावर आम्ही किल्ल्याच्या बाजूला गेलो. मला त्याला आणखी एक गोष्ट सांगायची होती, आणि ती सांगणे मला जड जात होते.

हे शहर निजामशाहीची राजधानी. विजापूरच्या बुरुजावर आज जी प्रचंड मलिक-ए-मैदान तोफ आहे, ती इथेच, अहमदनगरला, 1549 साली मुहम्मद बिन हसन रूमी याने ओतली. तिच्या तोंडाला हत्तीला गिळणाऱ्या सिंहाचा आकार दिला आहे. वजन सुमारे 55 टन. ती पुढे परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि 1632 मध्ये तिथून विजापूरला नेली गेली. त्या काळात निजामशाहीचा तोफखाना साऱ्या दख्खनमध्ये नावाजलेला होता.

जानेवारी 1565 मध्ये तालिकोटची लढाई झाली. एका बाजूला दख्खनच्या सुलतानांची एकत्र फौज, दुसऱ्या बाजूला विजयनगरचा रामराया. मधल्या फळीत हुसेन निजामशाह आणि त्याच्या तोफखान्यावर रूमी खान. इतिहासकार फरिश्ता, ज्याचे बालपण याच शहरात गेले, लिहितो की विजयनगरचे सैन्य अगदी तोफांच्या तोंडाशी येऊन भिडले, तेव्हा रूमी खानाने तयार ठेवलेल्या तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या तोफांत भरायला लावल्या. नाणी छर्ऱ्यासारखी सुटली. फरिश्ताच्या म्हणण्याप्रमाणे तोफांच्या पुढ्यातच पाच हजारांवर माणसे पडली.

हा प्रसंग मी वर्गात कितीतरी वर्षे रंगवून सांगितला आहे. रूमी खानाची हुशारी, आपला तोफखाना, आपला विजय. मुले टाळ्या वाजवत. त्या दिवशी किल्ल्याच्या खंदकापाशी भाच्याला तेच सांगताना माझा आवाज आधीसारखा चढला नाही. अर्ध्या तासापूर्वी मी त्याला गाझा सांगितले होते. माझे मलाच ऐकू येत होते, की एका छर्ऱ्याला मी जुलूम म्हणते आहे आणि दुसऱ्याला हुशारी.

भाच्याने नेमके तेच विचारले. "मुमानी, त्या पाच हजारांत सगळे शत्रूच होते का?"

नव्हते. रामरायाच्या फौजेत मुसलमान सरदार आणि शिपाईही होते. नाण्याने ते पाहिले नाही. नाणे तर बाजारात सुद्धा हात बघत नाही.

संध्याकाळी निमोण्याला परतलो. मगरिबनंतर दुल्हेभाईंशी याच विषयावर बोलणे निघाले. ते शेतकरी माणूस, पण मशिदीतले दर्स कधी चुकवत नाहीत. ते म्हणाले, की लढाईच्या जागी एक स्त्री मारली गेलेली दिसली तेव्हा रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी नापसंती दाखवली आणि स्त्रिया व मुलांना मारायला मनाई केली, हे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. हजरत अबू बक्र रजियल्लाहु अन्हु यांनी शामकडे निघालेल्या लष्कराला बजावले होते, की म्हातारे, बायका, मुले यांना हात लावू नका, फळझाडे तोडू नका, मठात बसलेल्या साधूंना त्यांच्या वाटेने राहू द्या.

त्यात मी एक भर घातली. छर्ऱ्याची तोफ तेव्हा नव्हती, पण मंजनीक होते, मोठे दगड फेकणारे यंत्र. फेकलेला दगड तटाआडच्या शिपायावर पडेल की पाळण्यातल्या बाळावर, हे फेकणाऱ्याच्या हातात नसते. म्हणून फुकहांनी मंजनीक कधी वापरावे आणि कधी नाही, यावर फार बारकाईने चर्चा केली. त्यांची मते एकसारखी नव्हती. पण प्रश्न त्यांना पडला, हे मला मोठे वाटते. जे हत्यार माणूस ओळखत नाही, ते चालवणाऱ्याने आधी विचार करायचा. हत्यार विचार करत नाही, म्हणून त्याचा हिशोब हत्याराकडे मागितला जाणार नाही.

तिसऱ्या दिवशी शिरूर. आज तो बाजाराचा, गर्दीचा गाव. जुन्या लोकांच्या तोंडी अजून घोडनदी. 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी वसईचा तह केला. त्यानंतर पेशव्यांच्या मुलखात कंपनीची जी फौज राहिली, तिची छावणी इथे पडली. त्या फौजेचा सेनापती कर्नल विल्यम वॉलेस 1809 मध्ये इथेच वारला आणि इथेच दफन झाला. जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे, की आसपासचे गावकरी त्याला 'सत्पुरुष' म्हणत आणि सुगीचे पहिले धान्य त्याच्या कबरीवर नैवेद्य म्हणून आणत.

कबरीची ही गोष्ट भाच्याला गमतीची वाटली. मी त्याला त्या माणसाची दुसरी ओळख सांगितली. वॉलेस कंपनीच्या मदतीला आलेल्या 74 व्या गोऱ्या पलटणीचा. 23 सप्टेंबर 1803 रोजी आताच्या जालना जिल्ह्यात असई गावापाशी वेलस्ली आणि शिंदे-भोसले यांची लढाई झाली, तेव्हा तो एका ब्रिगेडवर होता. त्याची पलटण चुकून असई गावाच्या दिशेने फार पुढे गेली आणि शिंद्यांच्या तोफांसमोर आली. मराठ्यांच्या गोलंदाजांनी छर्रे भरले. त्या एका दुपारी 74 व्या पलटणीचे 10 अधिकारी आणि 124 शिपाई ठार झाले, 270 वर शिपाई जखमी झाले. पलटण होती सुमारे 500 ची. तिच्या पुढे चालणाऱ्या पहाऱ्याच्या तुकड्यांत जेमतेम 75 माणसे उभी उरली. वेलस्लीच्या सगळ्या सैन्याची हानी दीड हजारांवर गेली. पुढे नेपोलियनला हरवणारा हा सेनापती असईतला रक्तपात आयुष्यभर विसरला नाही.

असईत कंपनीकडून लढलेल्या मद्रासच्या पलटणींत मुसलमान शिपाई होते. शिंद्यांच्या कवायती पायदळातही होते. तोफ दोन्हीकडे होती आणि आपली माणसेही दोन्हीकडे.

"म्हणजे दोघेही खरे बोलत होते?" भाचा पुटपुटला. वर्गातली ती दोन मुले त्याच्या डोक्यातून गेलेली नव्हती.

शिरूरहून रांजणगाव, शिक्रापूर अशी वाट धरून आम्ही कोरेगाव भीमाला गेलो. रस्ताभर कारखाने, कंटेनर, हॉटेलांच्या पाट्या. याच दिशेने 31 डिसेंबर 1817 च्या रात्री 8 वाजता कॅप्टन स्टॉन्टन शिरूरच्या छावणीतून पुण्याला मदत घेऊन निघाला होता. बरोबर मुंबई पायदळाची एक पलटण, सुमारे 500 माणसांची, थोडे घोडदळ आणि मद्रास तोफखान्याच्या दोन सहा पौंडी तोफा. सगळे मिळून 834. रात्रभर चालून सकाळी भीमेच्या काठावर आले तो समोर पेशव्यांची अफाट फौज. स्टॉन्टनने कोरेगाव गावात आसरा घेतला. पेशव्यांकडून अरब, गोसावी आणि इतर पायदळाच्या तुकड्या नदी उतरून गावात शिरल्या. दुपारपासून रात्री 9 वाजेपर्यंत गल्लीबोळांत, घराघरांतून लढाई झाली. शिपायांना पाण्याचा थेंब मिळेना.

गावात येणाऱ्या वाटा रोखायला ठेवलेल्या त्या दोन तोफांभोवतीच सारा कल्लोळ झाला. सहा पौंडी तोफेबरोबर गोळे आणि छर्ऱ्याचे डबे दोन्ही असत, आणि धावून येणाऱ्या जमावापुढे डब्याचेच काम असते. अरब त्या तोंडावर पुन्हा पुन्हा चालून गेले. एकदा त्यांनी एक तोफ घेतलीही. तोफखान्याचा लेफ्टनंट चिझम मारला गेला, त्याचे शिर कापले गेले. मग शिपायांनी संगिनींनी ती तोफ परत मिळवली. सुमारे 25 गोऱ्या गोलंदाजांपैकी 20 मेले किंवा जखमी झाले. कंपनीची एकूण हानी 275. पेशव्यांकडची याहून बरीच जास्त.

एक गोष्ट मी भाच्यापासून लपवली नाही. जखमींना ज्या इमारतीत ठेवले होते तिथे अरब शिरले आणि पडलेल्या जखमींनाही त्यांनी मारले. डॉक्टर विंगेट तिथेच मारला गेला. जखमी आणि त्याची शुश्रूषा करणारा यांना मारणे याला बहादुरी म्हणता येत नाही. मारणाऱ्याच्या तोंडी कलमा होता, म्हणून त्याचे माप बदलत नाही.

स्तंभ काळसर दगडाचा, उंच, साधा. 1821 मध्ये त्याची पायाभरणी झाली. इंग्रजी आणि मराठी शिलालेख आहेत. पडलेल्यांची 49 नावे आहेत, त्यांपैकी 22 नावांच्या शेवटी 'नाक' आहे, म्हणजे ते महार शिपाई. ज्यांना गावात पाणवठ्यावर येऊ दिले जात नव्हते, त्यांचे नाव दगडावर आले. 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे आले आणि आज दर 1 जानेवारीला लाखो लोक येतात, ते का, हे त्या नावांपाशी उभे राहिल्यावर कळते. आपल्या घरांतूनही हे समजून घेतले पाहिजे. दुसऱ्याच्या जखमेवरचा दगड आपल्याला अडसर वाटू नये.

त्या पलटणीत महारांबरोबर मराठे, राजपूत, मुसलमान आणि कोकणातले बेने इस्रायलही होते. समोरच्या अरबांची नावे मात्र या स्तंभावर असणारच नव्हती. समुद्र ओलांडून पोटासाठी आलेले ते लोक. त्यांच्याही आया कुठेतरी दूर हजरमौतच्या दिशेने वाट पाहत असतील. भाच्याने दोन्ही हात उचलले आणि मनात काहीतरी म्हटले. कोणासाठी, हे मी विचारले नाही.

परतीच्या बसमध्ये त्याने पुन्हा तोच प्रश्न काढला. "मग वर्गात काय सांगू?"

मी म्हटले, "सांग, दोन्ही बाजूंना होते. तोफेच्या मागेही होते आणि पुढेही होते. हे सांगताना मान खाली घालायची गरज नाही, आणि छाती फुगवायचीही नाही. कोणी विचारले, तुमचे कोण, तर आधी विचार की तोफ कोणाकडे वळलेली होती, आणि बत्ती देणाऱ्याला ती न देता चालले असते का."

"एवढे मोठे कोण ऐकून घेईल?"

"कदाचित कोणी नाही. पण तुझे तुला माहीत असेल."

त्याला हे उत्तर पूर्ण पटले असे मला वाटत नाही. नववीतल्या मुलाला एक बाजू हवी असते. मलाही ती अनेक वर्षे हवी होती, म्हणून तर रूमी खानाच्या नाण्यांवर मी टाळ्या घेतल्या. यापुढे तालिकोटचा धडा आला की तो प्रसंग मी सांगेन, गाळणार नाही. पण नाण्यांच्या समोर कोण उभे होते, तेही त्याच तासाला सांगेन.

पालकांना एक विनंती. सुट्टीत नगर-पुणे रस्त्याने जाणे झालेच, तर मुलांना घेऊन या तीन ठिकाणी थांबा. नगरचे रणगाडे, शिरूर आणि कोरेगावचा स्तंभ, एका दिवसात होते. पाणी आणि डबा बरोबर ठेवा, नमाजसाठी शिरूरला थांबता येते. मुले जे विचारतील ते विचारू द्या. मोबाइलवर तोफ सुटली की गुण वाढतात, समोरचे माणूस मात्र दिसत नाही. ते आपण दाखवायचे.

निमोण्याला पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. अंगणात पहिल्या दिवशीची ज्वारी अजून इकडे तिकडे पडलेली होती. काही कोंबड्यांनी टिपली होती, काही फटींत जाऊन बसली होती. आपांनी भाच्याच्या हाती सूप दिले आणि म्हणाल्या, "वेच आता. अन्न आहे."

तो एक एक दाणा वेचत बसला. फेकायला एक क्षण लागला होता. वेचणे इशाच्या अजानपर्यंत चालले, आणि तरी सगळे दाणे काही मिळाले नाहीत.